सुरांच्या मार्गावरील मनमाड

परभणीची रुई मुंबईला पोहोचविण्यासाठी एके काळी दोन गाड्या लागत. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटर गेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडला येऊन मिळाला. पण मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉड गेज होता. एका मार्गाच्या रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर, तर दुसऱ्याच्या १,६७६. त्यामुळे मनमाडला प्रत्येक गाठ उतरवावी, हमालांनी ती पलीकडे न्यावी आणि दुसऱ्या डब्यात पुन्हा चढवावी, हा क्रम कित्येक दशके चालू राहिला. त्यात वेळ जाई, मजुरी जाई आणि मालाची नासधूसही होई. मराठवाड्याने ब्रॉड गेजसाठी दीर्घकाळ चळवळ केली आणि १९९० च्या दशकात हा मार्ग रुंद झाला. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना एक आर्थिक सत्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन मार्ग आपापल्या जागी कितीही उत्तम असले, तरी ते एकमेकांस जुळत नसतील तर त्या विसंगतीची किंमत मुख्यतः दूरच्या टोकाला राहणाऱ्या माणसालाच मोजावी लागते.

संगीताच्या ध्वनिमुद्रणात आज असाच एक मार्गबदल निर्माण झाला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पूर्वी ध्वनिमुद्रण म्हटले की मुंबई-पुण्याचा स्टुडिओ आणि त्याचे ताशी भाडे असा हिशेब असे. आता एक लॅपटॉप, एक बरा मायक्रोफोन आणि आवाज संगणकात घेणारी एक लहानशी पेटी एवढ्या भांडवलावर गंगाखेड किंवा सेलूच्या एखाद्या खोलीत भजन, भीमगीत वा पोवाडा मुद्रित करता येतो. उत्पादनाची साधने स्वस्त झाली आणि लहान गावांपर्यंत आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ही साधने अनेक आहेत. प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह, रीपर ही त्यांतील काही परिचित नावे. आर्डरसारखे मुक्त सॉफ्टवेअरही आहे. यांतील प्रत्येकाची प्रोजेक्ट साठविण्याची पद्धत वेगळी असून एकाने लिहिलेले प्रोजेक्ट दुसऱ्याला सहसा वाचता येत नाही.

येथे ‘प्रोजेक्ट’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. कार्यालयात टिपणी असते आणि तिच्यासोबत सहपत्रे असतात. मुद्रित झालेले प्रत्यक्ष आवाज, म्हणजे मुख्य गायन, मृदंग, टाळ आणि पेटी, ही झाली सहपत्रे. कोणता आवाज कोठे सुरू व्हावा, कोठे कापावा, किती वर आणावा, कोणावर घुमारा चढवावा, या सर्व निर्णयांची नोंद म्हणजे प्रोजेक्टची फाइल. पुष्कळ सॉफ्टवेअरांत आवाज हे या फाइलच्या पोटात नसतात; ते शेजारच्या फोल्डरमध्ये असतात आणि फाइल त्यांच्याकडे केवळ बोट दाखविते. नवशिका माणूस फोल्डर मागे ठेवून फाइल तेवढी पाठवितो. मग पुण्याच्या टेबलावर सहपत्रांविना टिपणी पोहोचावी, तशी तिची गत होते.

समजा, गंगाखेडच्या एका भजनी मंडळाने रीपरमध्ये एक अभंग दहा स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित केला आणि त्याचे अंतिम मिश्रण पुण्यातील प्रो टूल्स वापरणाऱ्या तंत्रज्ञाकडे सोपविले. फोल्डर सोबत दिले तरीही रीपरचे प्रोजेक्ट प्रो टूल्समध्ये उघडत नाही. १९९० च्या दशकापासून प्रचलित असलेला ओएमएफ आणि त्यानंतरचा एएएफ, हे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांमधील मध्यस्थ होत. ट्रॅकचे तुकडे आणि त्यांच्या जागा ते पुष्कळदा सुखरूप नेतात. पण आवाजावर केलेले बहुतेक संस्कार मागेच राहतात. शिवाय मापांची गफलत होतेच. ४८,००० नमुने प्रतिसेकंद या मापाने मुद्रित केलेला आवाज ४४,१०० च्या मापाने न बदलता वाजविला गेला, तर तो सुमारे दीड अर्धस्वराने उतरतो आणि सहा मिनिटांचा अभंग साडेसहा मिनिटांपर्यंत लांबतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या माणसाला त्यात स्वतःचा आवाजही ओळखू येऊ नये!

जुन्या फितीच्या काळात ही अडचण एवढी नव्हती. पाव इंच रुंदीची फीत आणि साडेसात इंच प्रतिसेकंद यांसारख्या ठराविक गती सर्वमान्य होत्या. म्हणून एका यंत्रावर मुद्रित झालेले रीळ त्याच मापाच्या दुसऱ्या यंत्रावर निर्धास्तपणे वाजविता येई, मग ते यंत्र कोणत्याही कारखान्याचे असो. फितीच्या मर्यादा पुष्कळ होत्या. परंतु तिचे माप कोणा एका विक्रेत्याच्या मुठीत नव्हते.

या विसंगतीमागे केवळ तांत्रिक अपघात आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याने चार वर्षांचे काम एका सॉफ्टवेअरमध्ये साठविले, त्याला दुसरीकडे जाणे महाग पडते. बदलाचा खर्च जितका मोठा, तितके ग्राहकाचे सौदाबळ कमी आणि विक्रेत्याचे अधिक. शहरातील मोठा स्टुडिओ दोन-तीन सॉफ्टवेअर बाळगून यातून मार्ग काढतो. गंगाखेडच्या मंडळाला तो मार्ग मोकळा नाही. साधने स्वस्त झाल्याने जे हाती आले, त्यातील काही भाग या मार्गबदलात पुन्हा निसटून जातो.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, सर्वांवर एकच पद्धत लादली तर नवनिर्मिती खुंटेल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. समान पद्धतीत तेवढाच भाग बसतो, जो सर्वांना समान असतो. एखाद्या सॉफ्टवेअरचे वैशिष्ट्य तिच्यात मावत नाही. तथापि इतिहास काय सांगतो? १९८३ मध्ये अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने प्रतिस्पर्धी वाद्यनिर्मात्यांनी ‘मिडी’ हा सामाईक संकेत स्वीकारला आणि त्याच्या वापरासाठी शुल्क मागितले नाही. त्याने नवनिर्मिती थांबली नाही. उलट इलेक्ट्रॉनिक वाद्यांची बाजारपेठ विस्तारली. १९९१ मध्ये ‘वेव्ह’ हे ध्वनीच्या फाइलचे स्वरूप आले आणि ते आज बहुतेक प्रत्येक सॉफ्टवेअरला वाचता येते. १९९७ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने त्यात कालाची नोंद जोडण्याची सोय केली. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या दोन कंपन्यांनी ‘डॉप्रोजेक्ट’ हे संपूर्ण प्रोजेक्टसाठीचे खुले स्वरूप प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी क्यूबेसनेही त्याला स्थान दिले. ते अद्याप सर्वमान्य झालेले नाही. पण दिशा योग्य आहे. सामाईक मापाचे वैशिष्ट्य असे की, एकाने वापरल्याने ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही, वापरणारे वाढले की त्याची उपयुक्तता वाढते.

हा प्रश्न केवळ आजच्या गायकांचा नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही ध्वनिमुद्रित झाल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ मध्ये असाच मुद्रित झाला. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या संस्थेमार्फत लोकांसमोर येत आहे आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गावही तेथे नोंदलेले आहे. दोन दशकांनंतर तो आवाज नव्या घरी नांदू शकला, कारण तो वाचता येईल अशा स्थितीत राहिला आणि त्याची लेखी नोंद त्याच्या सोबत राहिली. जनाबाईंच्या गंगाखेडच्या परिसरात जात्याची घरघर आता क्वचितच ऐकू येते. आज जे मुद्रित होईल ते वीस वर्षांनी उघडेल की नाही, हे मुद्रण करणाऱ्याच्या आजच्या सवयीवर अवलंबून आहे.

ती सवय अवघड नाही. प्रोजेक्ट पूर्ण होताच प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य क्षणापासून शेवटापर्यंत वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा, म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ते सर्व एकाखाली एक मांडले की आपोआप जुळतात. फाइलला ‘ऑडिओ १७’ असे नाव न देता ‘मृदंग’ किंवा ‘मुख्य स्वर’ असे द्यावे. संस्कार केलेला आवाज आणि मूळ कोरा आवाज, दोन्ही ठेवावेत. पट्टी, माप, तारीख, कलावंत आणि गाव यांची नोंद साध्या मजकुरात सोबत असावी. दहा ट्रॅकचा सहा मिनिटांचा अभंग उत्तम दर्जात सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेतो. आजच्या दराने हा खर्च नगण्य म्हणावा लागेल.

परंतु केवळ व्यक्तीच्या शिस्तीवर विसंबून भागणार नाही. विद्यापीठे, सांस्कृतिक विभाग आणि आकाशवाणी यांच्या पैशातून जे ध्वनिमुद्रण होते, त्याच्या करारात खुल्या स्वरूपातील ट्रॅक आणि लेखी नोंद जमा करण्याची अट असावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालयांनी लोकगीतांच्या संकलनासाठी एवढा एक नियम घातला, तरी चार जिल्ह्यांचा ठेवा सुरक्षित राहण्यास मोठी मदत होईल. त्यासाठी नवा निधी लागत नाही. निविदेत एक ओळ वाढवावी लागते.

मनमाडचा मार्गबदल मिटविण्यासाठी मराठवाड्याला जवळजवळ एक शतक थांबावे लागले. कारण तेथे रूळ उखडून पुन्हा टाकावे लागले. येथे रूळ अजून टाकले जात आहेत. एका मापाचा आग्रह धरण्याची वेळ हीच आहे.