काडाचे मधघर: जुनी कला, आजचा उपयोग

लाकडी मधपेट्यांचा प्रसार होण्यापूर्वी उत्तर व पश्चिम युरोपात अनेक शतके मधमाश्या काडापासून विणलेल्या, पालथ्या टोपलीसारख्या घरात पाळल्या जात. या घरास इंग्लंडमध्ये ‘स्केप’ म्हणतात. ही कला शिकताना तिची मर्यादाही समजून घेणे आवश्यक आहे.

विणण्याची पद्धत

यासाठी गव्हाचे किंवा राय धान्याचे लांब, न चेपलेले काड लागते. कंबाइन हार्वेस्टरमधून निघालेले काड तुटलेले असते. म्हणून पीक विळ्याने कापून घ्यावे. बुटक्या वाणांचे काड आखूड पडते. विणण्यापूर्वी काड ओलसर करून मऊ करावे.

गाईच्या शिंगाचे टोक कापून केलेल्या नळीतून किंवा चामड्याच्या कड्यातून काडाची जुडी ओढली, की एकसारख्या जाडीचा पेड तयार होतो. माथ्याच्या मध्यापासून आरंभ करून चुंबळीप्रमाणे त्याचे वेढे द्यावेत आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याशी शिवावा. इंग्लंडमध्ये शिलाईसाठी ब्लॅकबेरीच्या फांद्यांच्या चिरलेल्या पट्ट्या वापरीत. वेताची पट्टीही चालते. दाभणाऐवजी तिरके कापलेले पक्ष्याचे पोकळ हाड वापरले जाई. कड्यातील पेड सैल वाटू लागताच जुडीच्या मध्यभागी नवे काड खुपसावे. येथे उशीर झाला, की भिंत कमी-अधिक जाडीची होते. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे. उघड्यावर ठेवायच्या घरास बाहेरून शेणाचा लेप देत.

मर्यादा

या घरात पोळी थेट छताला व भिंतींना चिकटतात. ती सुटी काढता येत नसल्याने राणीमाशी, अंडी व पिलावा तपासणे कठीण जाते. फाऊलब्रूड रोग किंवा व्हरोआ कोळी वेळीच लक्षात येत नाही. मध काढण्यासाठी पोळी कापावी लागत. अनेक ठिकाणी गंधकाचा धूर देऊन संपूर्ण वसाहतच मारली जाई. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. चौकटींभोवती माश्यांना वावरण्यापुरतीच जागा ठेवल्याने त्या चिकटत नाहीत आणि वसाहत न मारता मध काढता येतो.

आजचा उपयोग

त्यामुळे मधोत्पादनासाठी चौकटींची पेटीच वापरावी. काडाचे घर मात्र वसाहतीतून बाहेर पडलेला थवा पकडण्यास आजही उपयुक्त आहे. ते हलके असते, हवा खेळती राहते आणि खडबडीत पृष्ठभागावर माश्यांना पकड मिळते. फांदीवर लटकलेल्या थव्याखाली हे घर उलटे धरून फांदीला झटका द्यावा. नंतर ते पालथे करून कडेला लहान फट ठेवावी व सावलीत ठेवावे. सायंकाळी माश्या पेटीत स्थलांतरित कराव्यात. थवा त्यात दीर्घकाळ राहू देऊ नये, अन्यथा पोळी बांधली जातात. रोगट वसाहतीशी संपर्क आलेले काडाचे घर पुन्हा वापरू नये. ते जाळून टाकावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणात काडाचे घर व चौकटींची पेटी शेजारी ठेवून दाखवावी. पोळे उचलून तपासता येणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यांना प्रत्यक्ष पाहून चटकन उमगते.