त्रिकोणमिती : पाठांतराकडून मोजणीकडे

सीमाभागाविषयी लिहावयाचे म्हणजे वादाविषयीच लिहावयाचे, असा आमच्या वृत्तपत्रसृष्टीचा परिपाठ पडला आहे. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सारे विषय महत्त्वाचेच आहेत. परंतु न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत चोर्ला घाटापलीकडची मुले दहावीला बसावयाची थांबत नाहीत. बेळगाव-निपाणीच्या मराठी शाळांतील ही मुले ज्या एका प्रकरणापाशी हटकून अडखळतात, त्या त्रिकोणमितीविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

अडखळण्याचे कारण विषयाच्या काठिण्यात नाही. तो ज्या क्रमाने शिकविला जातो त्यात आहे. पहिल्या तासाला साइन, कोसाइन, टॅन्जंट यांच्या व्याख्या, दुसऱ्या तासाला शून्य ते नव्वद अंशांचा तक्ता आणि तिसऱ्या तासापासून नित्यसमानता, असा हा प्रवास होतो. मुलगा तक्ता घोकतो, पण साइन ही एक गुणोत्तराची संज्ञा आहे हे त्याच्या मनात रुजलेलेच नसते. तो साइनला बीजगणितातील एखाद्या अक्षरासारखा वागवितो, कंसाबाहेर काढतो, अंशछेदांतून छाटतो. तीस अंशांची साइन ०.५, तर साठ अंशांची तिच्या दुप्पट म्हणजे १ असेल, असे त्याला वाटते. ती ०.८६६ आहे हे तक्ता सांगतो. का आहे, हे त्याला कोणी दाखविलेले नसते.

ते दाखविणे अवघड नाही. वर्गातील प्रत्येकाने चाळीस अंशांचा एक कोन असलेला काटकोन त्रिकोण काढावा. कोणी लहान, कोणी मोठा. प्रत्येकाने त्या कोनासमोरची बाजू मोजून तिला कर्णाने भागावे. चाळीस वह्यांतून चाळीस वेगळे त्रिकोण निघतील, पण उत्तर सर्वांचे ०.६४ च्या आसपास येईल. त्रिकोण बदलला तरी गुणोत्तर बदलत नाही, हेच त्रिकोणमितीचे मर्म होय आणि ते समरूप त्रिकोणांच्या पाठातून थेट निघते. असे आठ-दहा कोन मोजून मुलांनी आपला तक्ता आपणच तयार केला, तर पुस्तकातील तक्ता त्यांना परका वाटणार नाही.

यापुढची पायरी मैदानावरची. कोनमापक, एक पोकळ नळी, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला दगड एवढ्या सामग्रीवर उन्नत कोन मोजता येतो. गवंड्याचा ओळंबा पाहिलेल्या मुलाला त्याची युक्ती समजावून सांगावी लागत नाही. बेळगावच्या किल्ला तलावाकाठी २०१८ मध्ये उभारलेला ध्वजस्तंभ ११० मीटर उंचीचा आहे. त्याचे टोक पंचेचाळीस अंशांत दिसेपर्यंत मागे सरावे. तेथपासून स्तंभाच्या पायथ्यापर्यंतचे अंतर, अधिक आपल्या डोळ्यांची उंची, म्हणजे स्तंभाची उंची. पायथ्यापर्यंत जाता येत नसेल तर त्याच सरळ रेषेत आणखी मागे, टोक तीस अंशांत दिसेल तेथवर जावे आणि दोन जागांमधील अंतराला ०.७३२ ने भागावे. कोन एका अंशाने चुकला तर उंचीत जवळजवळ चार मीटरांची चूक येते, हेही मुलांना तेथेच उमगेल. अचूकतेचे मोल सांगणारा याहून चांगला पाठ नाही. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ तरी याहून वेगळा कोठे होता? १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक आधाररेषा जमिनीवर मोजली गेली आणि तिच्यावरून, कोन मोजीत मोजीत, देशाचे माप घेतले गेले. त्या कामाचा प्रवर्तक लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला.

या ज्ञानाचा उपयोग परीक्षेपुरताच नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत दहावीनंतर तांत्रिक शिक्षण घेतलेली कितीतरी मुले पोटाला लागतात. तेथे अचूक कोन साधण्यासाठी साइन बार वापरतात. दोनशे मिलिमीटरांच्या बारच्या एका टोकाखाली शंभर मिलिमीटरांची उंची दिली की तीस अंश मिळतात. ज्याने साइन नुसती पाठ केली, तो कारागीर दुसऱ्याने काढून दिलेल्या आकड्यावर विसंबतो. ज्याने ती समजून घेतली, तो आकडा स्वतः काढतो. दोघांच्या मजुरीतही पुढे अंतर पडल्यावाचून राहत नाही.

सीमाभागातील मुलाची आणखी एक अडचण आहे. त्याचे दहावीचे पुस्तक मराठीत, भोवतालचा व्यवहार कन्नडमध्ये आणि पुढचे विज्ञानशिक्षण इंग्रजीत. मराठीतील ‘कर्ण’ कन्नड पुस्तकात ‘विकर्ण’ होतो, ‘त्रिकोण’ ‘त्रिभुज’ होतो. उन्नत कोन आणि अवनत कोन मात्र दोन्हींकडे तेच राहतात. स्वतः ‘साइन’ हा शब्दही संस्कृत ‘ज्या’, म्हणजे धनुष्याची दोरी, या शब्दाचे अरबी व लॅटिनमधून फिरून आलेले रूप आहे. तिन्ही भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी मांडणारा एक तक्ता प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लागला, तर भाषा ही भिंत न राहता पायरी होईल. त्यासाठी कोणत्याही सरकारच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

शिक्षकांचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे : अभ्यासक्रम संपवावयाचा असतो आणि परीक्षेत मोजणी विचारीत नाहीत. ही तक्रार अनाठायी नाही. महाराष्ट्रात त्रिकोणमितीची ओळख नववीत होते. कर्नाटकात ती दहावीतच होते, म्हणजे वेळ आणखी तोकडा. परंतु दोन्ही राज्यांत दहावीच्या गणिताचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. ते वह्यांच्या नीटनेटकेपणावर वाटून टाकण्याऐवजी त्यांतील काही गुण प्रत्यक्ष मोजणीला द्यावेत, अशी आमची सूचना आहे. नित्यसमानता शिकवू नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्या मोजणीनंतर शिकवाव्यात, एवढेच.

निपाणीचा मुलगा आणि कागलचा मुलगा एकाच महामार्गावर, काही मैलांच्या अंतराने, दोन वेगळ्या मंडळांच्या परीक्षांना बसतात. त्यांच्यामधली राज्याची रेषा कोठून जावी, हे ठरविणे त्यांच्या शिक्षकांच्या हाती नाही. त्यांना त्रिकोणाच्या तीन रेषा नीट समजाव्यात, हे मात्र सर्वस्वी त्यांच्याच हाती आहे.