पिंगुळीच्या अंगणात

वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी पुढारी कुणाच्या तरी हातचे 'कळसूत्री बाहुले' झालेला असतो. शब्द इतका अंगवळणी पडलेला. पण खरे कळसूत्री बाहुले आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? आम्हा रत्नागिरीकरांना तर ते घरचेच म्हणायला हवे. ही कला ज्या पिंगुळी गावात तग धरून राहिली, ते कुडाळजवळचे गाव १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. तरीही आमची पावले तिकडे वळली ती गोव्याला जाता-जाता, मुलांनी गाडीत कटकट सुरू केली म्हणून!

पिंगुळीत ठाकर आदिवासींची वस्ती आहे. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने त्यांच्या कला वाढल्या. आश्रय गेला, सिनेमा आला, पुढे घरोघर टीव्ही आला. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय मांडले आणि 'ठाकर आदिवासी कला आंगण' सुरू केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बऱ्याच मराठी घरांनी पिंगुळीचे नाव प्रथम ऐकले.

इथे नुसते पाहून परतायचे नसते. बाहुल्यांचा खेळ बघता येतो आणि आधी कळवून गेले तर चित्र रंगवायला, बाहुली नाचवायलाही शिकवतात. आमच्या दहा वर्षांच्या भाचीने मोठ्या ऐटीत दोऱ्या हाती घेतल्या. बाहुली उठली खरी, पण झिंगल्यासारखी दोन पावले टाकून आडवी झाली. ज्ञानेश्वरीतही सूत्राने हलणाऱ्या बाहुलीचा दाखला येतो. तो वाचताना सोपा वाटतो, बोटांना विचारावे! चामड्याच्या बाहुल्यांची तऱ्हा आणखी निराळी. पडद्यामागे दिवा, आणि पडद्यावर हलतात त्या फक्त सावल्या. तेवढा वेळ आमची चारही मुले गप्प होती.

पण मन गुंतले ते चित्रकथीत. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रे. एका बाजूला वळलेले चेहरे, टपोरे डोळे. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एक चित्र समोर धरतो, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर प्रसंग गातो, बोलतो, मग चित्र उलटतो. कथा पुढे सरकते. अशीच जुनी चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. जाणकारांत ती बरीच वर्षे 'पैठणची चित्रे' म्हणून ओळखली जात. तिथे ती सुंदर दिसतात, पण मुकी वाटतात. चित्रकथीतले चित्र हे निम्मेच. उरलेले निम्मे सांगणाऱ्याच्या गळ्यात असते.

म्हणूनच कार्यशाळेबद्दल थोडी धाकधूक वाटते. एका दुपारी रेषा आणि रंग हाताला लागतात. चित्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगता येते. अख्खी पोथी तोंडपाठ करून ती रंगवून सांगायची, तर त्याला वर्षे जातात, आणि त्यासाठी घरातलीच मुले बसावी लागतात. ती का बसतील? गावोगाव फिरायचे, खेळ करायचा आणि सुपात पडेल ते घ्यायचे, हे त्यांच्या आज्या-पणज्यांचे जिणे. गाव त्याला कला म्हणत नसे, मागणे म्हणत असे. त्याच अंगणात आज शहरातली माणसे वाट वाकडी करून येतात, शिकवण्याचे पैसे देतात आणि पोरांना 'सर' म्हणतात, ही गोष्ट मला रंगांपेक्षा मोठी वाटली. दुपारची पाहुणी मंडळी चित्रकथी होणार नाहीतच. पण त्यांच्या येण्याने घरातला एखादा मुलगा वीणेपाशी टिकला, तर आमच्या भाचीने सांडलेला रंग सार्थकी लागला.

कोकण रेल्वेने गेलात तर कुडाळला उतरावे. तिथून पिंगुळी अगदी जवळ आहे. तासाभराची सवड काढून जाऊ नये. निदान अर्धा दिवस हवा.

भाचीने रंगवलेला जटायू आता तिच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. घरी आल्यावर तिने तो कागद उलटून पाहिला. मागे कोरे.

"मामा, पुढचं?"

मी सांगू लागलो. रावणाने पंख छाटले इथवर नीट आलो, आणि पुढे मलाच अडखळायला झाले. शेवटी आईला स्वयंपाकघरातून हाक मारली.