परस्परोद्धाराची कल्पना आणि ‘आंजेल-आ’

ल्युक बेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘आंजेल-आ’ हा कृष्णधवल चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला. दिव्यलोकातील व्यक्तीने पृथ्वीवर येऊन संकटग्रस्त मनुष्याला तारावे, हे कथाबीज अनेक वाङ्मयांना परिचित आहे. अशा कथांत तारणारा आणि तरणारा यांची स्थाने प्रायः निश्चित असतात; एक देतो, दुसरा घेतो. ‘आंजेल-आ’मध्ये ही स्थाने आरंभीच पालटतात आणि शेवटी तर त्यांतील भेदच लोपतो. या अद्भुतरम्य प्रेमकथेचे महत्त्व तेथे आहे.

नायक आंद्रे हा कर्जात बुडालेला, गुंडांच्या धमक्यांनी त्रस्त झालेला आणि थापा मारून दिवस ढकलणारा मनुष्य आहे. जीव देण्याच्या हेतूने तो पॅरिसमधील सेन नदीच्या एका पुलावर येतो. तेथे एक उंच तरुणी त्याच हेतूने उभी असलेली त्याला दिसते. ती उडी घेते. तिच्यामागोमाग तोही उडी घेतो आणि तिला बाहेर काढतो. ही आंजेला त्याच्यासाठीच धाडलेली देवदूत आहे, हे पुढे उघड होते. स्वतःला कवडीमोल मानणाऱ्या माणसाला वाचविण्याचा पहिला उपाय म्हणजे दुसऱ्याला वाचविण्याची संधी त्याला देणे, हा या प्रसंगाचा इत्यर्थ होय.

या युक्तीचे पूर्वरूप फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) या अमेरिकन चित्रपटात आढळते. तेथेही जीव द्यावयास निघालेल्या जॉर्जच्या आधी क्लॅरेन्स हा देवदूत स्वतः नदीत उडी टाकतो. परंतु क्लॅरेन्स कार्यसिद्धीनंतर पंख मिळवितो, तर आंजेला ते गमावते. एकाची कथा बढतीची आहे, दुसरीची स्वेच्छेने पत्करलेल्या पदच्युतीची.

तिएरी आरबोगास्त यांचे छायालेखन हा विरोध दृश्य पातळीवर उभा करते. ठेंगणा, काळ्या केसांचा आंद्रे (जमेल देबूझ) आणि त्याच्याहून कितीतरी उंच, सोनेरी केसांची आंजेला (रिए रासमुसेन) ही जोडी प्रथमदर्शनी विजोड, किंबहुना हास्यास्पद वाटते. आरशासमोरच्या प्रसंगात मात्र या विजोडपणाचा अर्थ उलगडतो. आंजेला त्याला स्वतःच्या प्रतिबिंबाकडे पाहावयास आणि स्वतःवरील प्रेमाचा उच्चार करावयास लावते. शब्द त्याच्या घशात अडकतात. त्याला सर्वांत अवघड गेलेले हे सत्यवचन असते. दोघे आरशात शेजारी दिसतात, तेव्हा आंजेला म्हणजे आंद्रेने नाकारलेले त्याचेच अंतरंग होय, असा अर्थ सूचित होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. नायिका जर नायकाच्या अंतरंगाचे प्रतिबिंब असेल, तर तिला स्वतंत्र अस्तित्व कोणते? चित्रपटाच्या बऱ्याच भागात ती पुरुषाच्या आत्मशोधाचे साधन म्हणूनच वावरते, हे मान्य करावयास हवे. या आक्षेपाचे उत्तर शेवटात मिळते. आंजेलाला परत जावयाचे असते. पंख पसरून ती वर उडू लागते, तेव्हा आंद्रे तिला घट्ट धरून ठेवतो आणि दोघे सेन नदीत कोसळतात. पुन्हा तोच तिला पाण्याबाहेर काढतो. आता तिला पंख नसतात. पहिली सुटका तिने घडवून आणलेली होती, दुसरी खरी असते. ज्या देवदूताला स्वतःचे असे आयुष्यच नव्हते, तिला या पतनातून ते लाभते. व्हिम व्हेंडर्स यांच्या बर्लिनमधील देवदूतांवरील चित्रपटात (१९८७) मनुष्यरूप घेतलेल्या देवदूताला जग रंगीत दिसू लागते. बेसाँ यांच्या चित्रपटात रंग अवतरत नाहीत. जग पूर्वीचेच राहते. पालटते ते दोघांचे परस्परांशी नाते.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला या ठिकाणी कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही मर्त्य राजा अप्सरेला केशी दैत्याच्या तावडीतून सोडवितो आणि त्यातूनच प्रेम उद्भवते. मात्र उर्वशीने पुरूरव्याजवळ आयुष्यभर राहावे, ही अनुमती अखेर इंद्राकडून येते. आंजेलाच्या बाबतीत अशी अनुमती कोणी देत नाही. मर्त्य मनुष्याची मिठी हाच तेथील निर्णय ठरतो.

‘उद्धार’ या शब्दाच्या मुळाशी वर काढण्याची क्रिया आहे, तर ‘अवतार’ या शब्दाच्या मुळाशी खाली उतरण्याची. धार्मिक कल्पनेत एकाचे उतरणे हे दुसऱ्याच्या वर येण्याचे कारण असते. ‘आंजेल-आ’त या दोन्ही क्रिया दोघांच्याही वाट्याला येतात. दोघेही पाण्यात पडतात आणि दोघेही वर येतात. एकाचे तरणे दुसऱ्याच्या तरण्यावाचून पुरे होत नाही, एवढेच या कथेचे सांगणे आहे, आणि ते सांगण्यासाठी तिला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागला आहे.