फ्लॅट्स काढल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं किंवा ज्यांना आकडे पुन्हा एकदा नजरेखालून घालायचेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "ॲक्च्युअली" काढून टाकलेत.

सुरुवात माझ्या फजितीने करतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावरची पहिली अमावास्या गाठून आम्ही तिघं वेल्ह्याच्या पुढे ओळखीच्या एका शेतावर गेलो. टार्गेट एकच: देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१. ६० सेकंदांचे १५० फोटो, अडीच तासांचं एक्स्पोजर. आकाश मस्त, ट्रॅकिंग मस्त. पहाटे तीनला दवाने सगळं ओलं झालं, थंडी वाजायला लागली. म्हटलं, फ्लॅट्स काय, उद्या घरी काढू. कॅमेरा टेलिस्कोपपासून सोडवला, बॅगेत टाकला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी घरी कॅमेरा पुन्हा जोडला, लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर फ्लॅट्स काढले आणि सगळं स्टॅक केलं. फोटोत एक कोपरा काळा, समोरचा कोपरा पांढरट. धुळीचा प्रत्येक डाग जोडीने, एक काळा आणि शेजारी एक पांढरा. मग मी काय केलं? ब्रश घेतला आणि डाग रंगवून टाकले. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आजोबांनी झूम करून विचारलं, "काय रे, हे कडेला धूसर दिसतंय, ते पण त्या दीर्घिकेचंच ना?"

मला उत्तर देता येईना. कारण तो भाग मीच ब्रशने सारखा केला होता.

तर आजचा विषय हाच.

फ्लॅट म्हणजे नक्की काय?

एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पृष्ठभागाचा, त्याच टेलिस्कोपमधून, त्याच कॅमेऱ्याने काढलेला फोटो. समोर सगळीकडे सारखा उजेड आहे, म्हणजे फोटोत जे काही कमी-जास्त दिसेल ती आपल्या यंत्राची करणी. कोपऱ्यांकडे कमी पोचणारा उजेड, म्हणजे व्हिग्नेटिंग. सेन्सरसमोरच्या काचेवरची धूळ. फ्लॅट आकाशाबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त तुमच्या सेटअपचे दोष मोजून देतो.

मोजून म्हणजे कसं? समजा मध्यभागी आकाशाचा आकडा १००० आला आणि कोपऱ्यात ७००. फ्लॅटमध्ये मध्यभागी २०,००० आणि कोपऱ्यात १४,०००. म्हणजे कोपऱ्यात ०.७ पट उजेड पोचतोय. ७०० भागिले ०.७, उत्तर १०००. झालं! इथे वजाबाकी नसून भागाकार आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता देवयानीच का अडकते बघा. ती आकाशात साधारण तीन अंश पसरलीय, म्हणजे ओळीने सहा पूर्णचंद्र ठेवा. माझ्या ४०० मिलिमीटरच्या टेलिस्कोपवर ती जवळजवळ अख्खी फ्रेम व्यापते. तिच्या बाहेरच्या फिकट भुजा कडेकडेला येतात आणि व्हिग्नेटिंगही तिथेच असतं. त्या भुजा आकाशाच्या उजेडापेक्षा जेमतेम वर असतात, व्हिग्नेटिंग मात्र सहज ३० टक्के. फोटो स्ट्रेच केला की आधी यंत्राचा दोष दिसतो, २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड नंतर.

डागांचा हिशोब

धुळीचा कण सेन्सरच्या जितका जवळ, तितका डाग लहान आणि गडद. लांब असेल तर मोठा आणि फिका. न्यूटोनियन टेलिस्कोपमध्ये मध्ये दुय्यम आरसा असतो, म्हणून डागाला भोक पडतं. आमच्या ग्रुपमध्ये त्याला मेदूवडा म्हणतात.

सोपं गणित: डागाची रुंदी मिलिमीटरमध्ये काढा आणि एफ नंबरने गुणा. धूळ सेन्सरपासून साधारण तितक्या अंतरावर आहे. माझा डाग १०० पिक्सेलचा होता, एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा, म्हणजे ०.४ मिलिमीटर. टेलिस्कोप एफ ५. उत्तर २ मिलिमीटर. म्हणजे धूळ सेन्सरवरच्या काचेवरच होती! त्यामुळे टेलिस्कोपची पुढची भिंग घासत बसू नका, तिच्यावरचा बारीक कण फोटोत दिसतच नाही.

आणि माझे डाग जोडीने का आले, तेही इथे कळतं. बरेच डीएसएलआर चालू-बंद करताना सेन्सर झटकतात. माझी धूळ रात्री एका जागी होती, सकाळी दुसऱ्या. रात्रीचा डाग तसाच राहिला आणि नव्या जागी भागाकार उगाच झाला, म्हणून तिथे पांढरा. वर कॅमेरा थोडा फिरून बसला, म्हणून कोपरे बिघडले.

काढायचे कसे?

एक, कशालाही हात लावायचा नाही. शेवटचा फोटो झाला की लगेच फ्लॅट्स. फोकस, कॅमेऱ्याचा कोन, फिल्टर, आयएसओ, पुढची दवनळी, सगळं जसंच्या तसं. सेन्सर क्लीनिंग मेनूतून आधीच बंद करून ठेवा.

दोन, उजेड. पांढरा, सुरकुत्या नसलेला टी-शर्ट दुहेरी करून टेलिस्कोपच्या तोंडावर ताणा, रबरबँड लावा. वर पांढरी स्क्रीन भरून टॅब्लेट ठेवा. छोटी लेन्स असेल तर फोनही चालतो, पण स्क्रीनने तोंड पूर्ण झाकलं पाहिजे. पहाटेचं आकाशही उत्तम, ऊन थेट पडत नसताना टेलिस्कोप वर करायचा. फक्त आपल्याकडे संधिप्रकाश झपाट्याने बदलतो, वेळ कमी मिळतो.

तीन, एक्स्पोजर. एव्ही मोडमध्ये कॅमेरा जो शटर सांगेल तो मॅन्युअलला लावा. हिस्टोग्रामचा डोंगर मधोमध हवा, लाल-हिरवा-निळा तिन्ही, कुठलाच कडेला चिकटलेला नको. शटर अर्धा ते एक सेकंद ठेवा. अनेक फोन-टॅब्लेट ब्राइटनेस कमी केला की वेगाने उघडझाप करतात, डोळ्याला कळत नाही, पण फार लहान एक्स्पोजरमध्ये पट्टे येतात. म्हणून ब्राइटनेस कमी करू नका, मध्ये साधे कागद घाला.

चार, संख्या. २५ काढा. फ्लॅटमधला नॉइजही भागाकारातून फोटोत उतरतो, आणि २५ ची सरासरी घेतली की तो पाचपट कमी होतो. अर्धे झाल्यावर टॅब्लेट ९० अंशांत फिरवा. फ्लॅटमधला उजेडही सोबत फिरला, तर दोष तुमच्या स्क्रीनचा आहे.

पाच, डार्क फ्लॅट्स. टोपी लावा, तोच आयएसओ, तोच शटर, आणखी २५. हे बरेच जण गाळतात. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये स्वतःचा एक ठरावीक आकडा मिसळतो. समजा तो २,००० आहे. तो वजा केला नाही तर फ्लॅट २२,००० आणि १६,००० दिसेल, गुणोत्तर ०.७३ होईल आणि कोपरा १००० ऐवजी साधारण ९६० वर अडकेल. भागाकार करायच्या आधी वजाबाकी झालीच पाहिजे.

जमलं का, हे कसं ओळखायचं?

सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर, दोन्ही फुकट आहेत. फ्लॅट्स लावून एक फोटो स्ट्रेच करून बघा. कोपरे अजून काळे? बहुतेक डार्क फ्लॅट्स राहिले. कोपरे मध्यापेक्षा उजळ? मग मूळ फोटोंमधून डार्क किंवा बायस वजा झाले का ते तपासा. आणि एकाच बाजूने तिरका उजेड असेल, तर तो पुण्याच्या दिव्यांचा. फ्लॅटला त्याचा दोष देऊ नका, त्याचा इलाज वेगळा आहे.

डिसेंबरच्या अमावास्येला पुन्हा गेलो. हात गारठले होते, पण कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी टी-शर्ट ताणला. पंधरा मिनिटं गेली, बास. तो फोटो आजोबांना पाठवला आणि या वेळी फोन मीच केला. कडेचं धूसर दाखवून म्हटलं, "आजोबा, हे तिचंच आहे."

तुमचे मेदूवडे आम्हाला जरूर पाठवा, गणित मिळून करू. पुढच्या भागात भेटू. तोवर, रात्री आकाशाकडे बघत राहा!