सोनं वेगळं करणारे हात

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत गलाईच्या भट्ट्या लावून बसली. विट्याच्या परिसरात गलाईवाला नातेवाईक नसलेलं घर शोधावं लागतं. मोडीचे दागिने, सोनाराच्या ओट्यावरचा कीस, झारेकऱ्यानं राखेतून धुऊन काढलेले कण या सगळ्यांतून चोख सोनं बाहेर काढणं हा त्यांचा धंदा. मराठी मुलखातलं एवढं मोठं धातुज्ञान आपल्या पुस्तकांत फार कमी आलं आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

दागिना वितळवला की धातू आपोआप वेगळे होतील, असं अनेकांना वाटतं. चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ला, तांबं १०८५ला; पण एकदा एकजीव झालेले हे धातू रसातही एकमेकांत विरघळलेलेच राहतात. दूध कितीही तापवलं तरी त्यातली साखर वेगळी होत नाही. नुसती आग इथे पुरत नाही. एका धातूला धरेल आणि दुसऱ्याला सोडून देईल असं काहीतरी हवं: आम्ल, मीठ, शिसं, क्लोरीन किंवा वीज.

बावीस कॅरटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोनं असतं, बाकी चांदी-तांबं. तो थेट तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकला तर फारसं काही घडत नाही, कारण आतल्या चांदीपर्यंत आम्लाला सोनं पोचूच देत नाही. म्हणून गलाईवाला वरकरणी उलटं वाटणारं काम करतो. मूशीत टाकणखार घालून मोड वितळवतो आणि सोनं एकूण वजनाच्या साधारण चौथाईवर येईल इतकी चांदी तिच्यात आणखी मिसळतो. हा रस पाण्यात ओतला की त्याचा रवा होतो. रवा तेजाबात तापवला की तांबूस धूर उठतो, चांदी आणि तांबं विरघळून जातात आणि तळाशी तपकिरी, निस्तेज भुकटी उरते. तेच सोनं. धुऊन पुन्हा वितळवलं की त्याची पिवळी लगड पडते. उरलेल्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. तांबं विरघळू लागतं, त्याच्या बदल्यात चांदी खाली बसते आणि पाणी निळं होत जातं.

तेजाब हाती येण्याआधी हे काम मीठ करत असे. आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिस इथे १९६०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातली, लिडियाच्या राजांच्या काळातली सोनं शुद्ध करण्याची जागा सापडली. सोन्याचे पातळ पत्रे मिठाबरोबर मातीच्या भांड्यांत भरून, न वितळवता दीर्घकाळ तापवायचे; मिठातलं क्लोरीन चांदीला ओढून घेई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अशुद्ध सोनं चौपट शिशानं शुद्ध करावं असं सांगितलं आहे, तर आईन-इ-अकबरीत सोन्यातून चांदी काढण्याची रीत नोंदलेली आहे.

शिशाची कृती मला सर्वांत देखणी वाटते. हाडांच्या राखेच्या वाटीत मिश्रधातू शिशाबरोबर तापवला की शिसं हवेतला ऑक्सिजन घेऊन जळतं, सोबत तांबंही नेतं आणि राखेत मुरतं. सोनं-चांदीचा मणी तेवढा वर राहतो. १६ जून २०२१पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला. हॉलमार्क केंद्रांवर सोन्याचा कस ठरवण्याची जी भट्टीची परीक्षा असते, तिचा गाभा आजही हाच आहे: चांदीची भर घालून शिशाबरोबर तापवणं, मग तेजाब.

मोठ्या रिफायनऱ्यांनी वेगळी वाट धरली. फ्रान्सिस मिलर यांनी १८६७मध्ये वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तिनं सोनं ९९.५ टक्क्यांपर्यंत जातं. त्यापुढचं ९९.९९ हवं असेल तर हॅम्बुर्गच्या एमिल वोलविल यांची विजेची पद्धत.

गल्लीतल्या भट्टीवर मात्र तेजाबच चालतो, आणि त्याचा तो तांबूस धूर हा नायट्रोजन डायॉक्साइड असतो. तो छातीत गेल्यावर माणूस काही तास ठीक वाटतो आणि मग फुप्फुसांत पाणी भरू शकतं. केडीएमच्या जुन्या दागिन्यांच्या डाकात कॅडमियम असतं; ते ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे सोनं वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची विषारी वाफ निघते. बंद जागेत धूर ओढणारं धुराडं आणि तो धुणारा अल्कलीच्या पाण्याचा फवारा नसेल तर भट्टीला परवानगीच मिळू नये, असं माझं ठाम मत आहे. सोनं घेणाऱ्याला हॉलमार्कचं संरक्षण मिळालं, तितक्याच तातडीनं ते गाळणाऱ्यालाही मिळायला हवं.

सोनं सुटतं ते त्याच्या अलिप्तपणामुळे. ना ऑक्सिजन त्याला सहज धरतो ना साधं आम्ल. लोखंडात मिसळलेल्या तांब्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे ऑक्सिजन दिला तर आधी लोखंडच जळतं, तांबं तसंच राहतं. जालन्याच्या भट्ट्यांत भंगारापासून सळ्या बनतात. अशा पोलादात तांबं वाढलं तर तापवून लाटताना त्याच्या पृष्ठभागावर चिरा पडतात. हे तांबं काढण्याचा परवडणारा मार्ग उद्योगाकडे अजून नाही. म्हणून मोटारींची वायंडिंग आणि गाड्यांच्या वायरी भट्टीत जाण्याआधीच भंगारातून काढाव्या लागतात, आणि जे तांबं तरीही आत गेलं त्याचं प्रमाण उतरवायला वरून स्पंज आयर्न किंवा स्वच्छ लोखंड घालावं लागतं.