डॉलरला वळसा

दुबईतल्या व्यापाऱ्याने थायलंडचा तांदूळ घेतला, तरी पैसे बहुधा न्यूयॉर्कमार्गे जातात. कारण दोन्हीकडच्या बँकांची एकमेकींकडे खाती नसतात. डॉलरची खाती सांभाळणारी अमेरिकी बँक मध्यस्थ होते. गाव शेजारी, पण एसटी तालुक्यावरूनच! आणि त्या स्टँडवर अमेरिका कुणालाही उतरवू शकते.

२०२२मध्ये काही रशियन बँका ‘स्विफ्ट’ या बँकांच्या निरोपजाळ्यातून वगळल्या गेल्या, तेव्हा अनेक देश सावध झाले.

‘एम-ब्रिज’ प्रकल्पात चीन, हाँगकाँग, थायलंड आणि अमिरातीच्या मध्यवर्ती बँकांनी एक सामाईक डिजिटल खातेवही आखली. अमिरातीचा दिरहम वजा होतो त्याच क्षणी थायलंडचा बात जमा. डॉलर मध्ये येतच नाही.

मग डॉलरची जागा चीनचा युआन घेईल? पण तो चीनबाहेर मोकळेपणी नेता येत नाही. त्यामुळे व्यवहाराला तो चालला, तरी तिजोरीत साठवायला बरेच देश अजून कचरतात.